बांबूच्या वळणावर थांबणारी करडी गाडी

मी नववी-दहावीला गणित शिकवते. वर्गात कुणी भुताखेताचा विषय काढला की त्याला आधी फळ्याजवळ बोलावून 'संभाव्यता' या धड्यावरचं उदाहरण सोडवायला लावणारी मी बाई! अंगात येणं, नजर लागणं वगैरे ऐकलं की मला हसूच येतं... म्हणजे यायचं. त्यामुळे हे लिहिताना मलाच थोडं ओशाळल्यासारखं होतंय. पण सांगते. आणि आधीच सांगून ठेवते – रात्र नव्हती, अमावस्या नव्हती, रस्ताही सुनसान नव्हता. भर दिवसा, लख्ख उन्हात घडलेली गोष्ट आहे.

आम्ही विरार पूर्वेला राहतो. माझ्या मिस्टरांचं गाव चांदीप, तिथे माझे मोठे दीर आणि जाऊबाई शेती बघतात. दोन वर्षांपूर्वी माझी बदली त्याच बाजूच्या एका शाळेत झाली. एसटीचा काही भरवसा नाही, शेअर रिक्षात रोज कोंबून जायचं माझ्या गुडघ्यांना झेपेना. म्हणून चाळिशी उलटल्यावर मी गाडी शिकायला घेतली.

शिकवायला होते जूचंद्रचे हरेश्वर मास्तर. जाडजूड, तोंडाने फटकळ, आणि शिकवायची पद्धत जगावेगळी. त्यांच्या शेजारी बसून गाडी चालवायची म्हणजे अखंड बोलत राहायचं. काय? तर समोर जे दिसत नाही ते!

"मॅडम, दिसतंय ते कुनी बी सांगंल. दिसत नाय ते सांगा. तो टेम्पो उभा हाय ना, त्याच्या मागनं काय येल?"

"माणूस?"

"मना काय इचारता? सांगा!"

मग मी बोलायचे – टेम्पोमागून माणूस येईल, गेटातून सायकल येईल, बसच्या पुढून कुणीतरी धावत येईल. मास्तरांचं म्हणणं, हाताला गाडी आठवडाभरात येते, डोक्याला यायला जन्म जातो. येईल असं आधीच मनात धरलं की पाय आपोआप ब्रेकवर जातो. मला ते पटलं. शेवटी संभाव्यतेचंच गणित की ते.

आणि माझं बरोबर यायला लागलं. त्यात नवल नाही, वसई-विरारच्या रस्त्यावर 'माणूस येईल' म्हटलं की माणूस येतोच! पण एकदा मी म्हणाले, "त्या भिंतीमागून बोकड येईल... काळा, एका कानाला हिरवा दोरा." हिरवा दोरा कुठून आला माझ्या तोंडात, देव जाणे. भिंतीआडून बोकड आला. काळा. कानाला हिरवा दोरा.

मास्तर हसले. "मॅडम, आकडा लावाल का माझ्यासाठी?"

मीही हसले. योगायोग, असं स्वतःला समजावलं. दुसऱ्या एका दिवशी असंच छत्रीवाल्या आजोबांचं झालं, तेव्हा मात्र हसू जरा कमी आलं.

मग तो दिवस. चांदीपच्या अलीकडे रस्त्याला एक वळण आहे. आतल्या बाजूला बांबूचं दाट बेट, त्यामुळे पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही. त्यात खाणीवरून येणारे डंपर तिथे बारीक खडी सांडत जातात. दुपारची वेळ होती. वळण जवळ आलं आणि मी बोलायला तोंड उघडलं... पुढचं मी बोलले असं मला आजही म्हणवत नाही. माझ्या तोंडून आलं, एवढंच खरं.

"लाल स्कूटर. दोघी आहेत. पुढचीच्या डोक्यावर हेल्मेट नाही. मागचीच्या मांडीवर निळी फाईल. घसरल्या... घसरल्या!"

मी ब्रेक दाबला. मास्तरांच्या पायाखाली शिकवणाऱ्याचा दुसरा ब्रेक असतो, तोही त्यांनी त्याच क्षणी दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. समोर रस्ता मोकळा. ऊन. एक चिमणीसुद्धा नाही.

मास्तर उतरून वळणापलीकडे बघून आले. नेहमीचा वात्रटपणा कुठे गेला कोण जाणे. म्हणाले, "हितं रोज थांबायचं. पूर्ण थांबायचं. हॉर्न मारायचा, जरा वाट बघायची, मंगच जायचं." आणि त्या वळणावर त्यांनी मला परत कधीही बोलायला लावलं नाही.

मला लायसन्स मिळालं, आम्ही जुनीच पण बरी अशी एक करडी गाडी घेतली. मी तिथे रोज थांबायला लागले. मागचे डंपरवाले शिव्या घालायचे. गावातल्या पोरांनी माझं नाव 'बांबूवाली मॅडम' ठेवलं. ठेवू देत.

पुढच्याच दिवाळीत दिरांनी त्यांच्या मुलीला, मनालीला, कॉलेजला जायला स्कूटर घेतली. आम्ही फराळाला गेलो तर अंगणात झेंडूचा हार घातलेली, चाकाखाली लिंबू ठेवलेली नवी कोरी स्कूटर उभी. लाल.

माझ्या हातातली करंजीची बशी मी तशीच खाली ठेवली.

"रंग बदलून मिळेल का हो?" मी दिरांना विचारलं. सगळे खो खो हसले. मग मी मनालीच्या मागे लागले – मास्तरांकडे जा, रीतसर शीक, हेल्मेट घाल.

"काकू, लायसन्स आहे ना माझं! आणि स्कूटरला काय शिकायचं? मी दादाची बाईक कधीपासून चालवते."

जाऊबाई म्हणाल्या, "तू पन ना! लिंबू ठेवलाय, नारळ फोडलाय. काय व्हनार नाय तिला."

मी काय सांगणार होते? बोकडाच्या कानातला दोरा? एवढंच म्हटलं, बांबूच्या वळणावर हळू जा बाई. तिने मान डोलावली. मुलं डोलावतात तशी.

जानेवारीतला शनिवार, सकाळची शाळा. सुटल्यावर मी घरी निघाले. वळणावर थांबले, हॉर्न दिला. आणि पलीकडून सुसाट आवाज आला. लाल स्कूटर बेटाआडून बाहेर आली, खडीवर तिचं मागचं चाक सरकलं, आणि ती आडवी होऊन खरखरत थेट माझ्याकडे... माझ्या पुढच्या चाकाला टेकून थांबली. मी थांबलेली नसते तर ते चाक कशावरून गेलं असतं, हा विचार मी अजून पुरा करू शकलेले नाही.

मनाली. हेल्मेट नाही. कोपर सोललेलं, ओठ पांढरे पडलेले, पण जिवंत. मी तिला पोटाशी धरलं आणि रस्त्यावरच रडले. भीती होती तेवढाच आनंदही होता. वाटलं, झालं, टळलं एकदाचं.

मग एकदम आठवलं. "मागची कुठे आहे? लागलं का तिला?"

"कोण मागची, काकू? मी एकटीच होते."

संध्याकाळी मी मास्तरांना फोन केला. सगळं सांगितलं.

"मॅडम, तुमी दोघी बोलला व्हता. आन् निळी फाईल. मना पक्कं आठवतं."

"हो."

"मंग ते हे नाय."

तेव्हापासून मनाली मात्र बदलली. स्वतःहून मास्तरांकडे गेली. हल्ली माझ्या शेजारी बसली तरी पुटपुटत असते – गेटातून सायकल येईल, टेम्पोमागून माणूस येईल. मी तिला दोन हेल्मेट घेऊन दिली. त्या दिवशी माझ्या तोंडून जे काही आलं त्यातला रंग मला बदलता आला नाही, वळण बदलता येणार नाही. पुढचीच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, तेवढी एकच गोष्ट माझ्या हातात आहे.

गेल्या महिन्यात ती एका मैत्रिणीला घेऊन घरी आली. नवीनच ओळख, पलीकडच्या गावची मुलगी, येता-जाता मागे बसते म्हणाली. गोड पोरगी. माझ्या सोफ्यावर बसली, आणि तिच्या मांडीवर कॉलेजची फाईल होती. निळी.

परवा शाळेत जाताना डबा द्यायला जाऊबाईंकडे डोकावले. ओट्यावर दोन्ही हेल्मेट शेजारी शेजारी ठेवलेली. स्कूटर नव्हती.

"उशीर झाला म्हनून पलाल्या दोघी," जाऊबाई म्हणाल्या.

मी गाडी फिरवून परत वळणाकडे कशी गेले मला आठवत नाही. थांबले. हॉर्न दिला. मागे रांग लागली, कुणी काय काय बोललं, मी हलले नाही. शेवटी फोन वाजला. दुसऱ्या रस्त्याने त्या कॉलेजात पोचल्या होत्या. "सॉरी काकू, उद्यापासून नक्की," मनाली म्हणाली.

म्हणजे तो दिवस परवाचा नव्हता.

हे काय आहे, मला माहीत नाही. माझ्याच धड्यात याचं उत्तर मला सापडलेलं नाही. आता गाडीत मी तोंड घट्ट मिटून बसते. आपल्यापैकी कुणी चांदीपच्या रस्त्याने जात असाल आणि बांबूच्या बेटापाशी एक करडी गाडी नुसतीच हॉर्न वाजवत उभी दिसली, तर कृपा करून ओव्हरटेक करू नका. माझ्या मागे थोडा वेळ थांबा.