आम्ही गिऱ्हाईक होतो

“गादीवाल्याची पोरगी हिशेब मागायला लागली बघा!”

अध्यक्ष हसले. केबिनमध्ये बसलेले दोघे-तिघे हसले. मीही हसलो. हे आधीच सांगून टाकतो. मीही हसलो.

माझी मुलगी रुबिना हसली नाही. बारावी झालेली, सीईटीला चांगले गुण मिळवलेली पोरगी. तिनं एवढंच विचारलं होतं, “सर, मागच्या वर्षी इथून पास झालेली मुलं आता कुठं कामाला आहेत?”

सांगलीबाहेर उसाच्या रानात उभं राहिलेलं खाजगी इंजिनीअरिंग कॉलेज. दर्शनी बाजूला सगळी काच. आत एसी. गेटवर भलामोठा फ्लेक्स, त्यावर टाय बांधलेली पोरंपोरी आणि खाली लिहिलेलं, ‘शंभर टक्के नोकरी’. अध्यक्ष म्हणजे या सगळ्याचे मालक.

आम्ही उभेच होतो. समोर खुर्च्या रिकाम्या होत्या.

“गेटवरचं फोटो दिसलं न्हाईत व्हय गं तुला?” अध्यक्ष तिला म्हणाले. मग माझ्याकडं वळले. “तुमच्यातल्या पोरी लगीन ठरंपर्यंत शिकत्यात. हिला नोकरीची चौकशी कशाला रं? बरं, ऱ्हाऊ दे. आलाच हायस तर होस्टेलात जा. गाद्या पार दबल्यात. मापं घिऊन जा. हिच्या फीचं मग बघू कायतरी.”

“व्हय सायेब,” मी म्हणालो.

माझा गादी कारखाना माधवनगरात आहे. कारखाना म्हणजे पत्र्याचं दुकान, पिंजायचं मशीन आणि मी. टेप कायम खिशात असतो. तो मी काढला आणि होस्टेलच्या खोल्या एकेक करून मापायला घेतल्या. पलंगाचं माप घेताना पलीकडचं टोक धरायला माणूस लागतो. मी हाक मारली, “रुबिना, जरा धर गं.”

तिनं धरलं. ॲडमिशनसाठी चांगला ड्रेस घालून आलेली माझी पोरगी अध्यक्षाच्या होस्टेलात खोलीखोलीतून वाकून टेप धरत होती. अभ्यास करत बसलेल्या पोरी उठून बाजूला होत होत्या आणि तिच्याकडं बघत होत्या. तिच्याच वयाच्या. मी माप सांगत होतो. ती खाली बघत होती.

अध्यक्षानं माझा अपमान केला, तो मी सोसला असता. सवय आहे. पण माझ्या पोरीचा अपमान माझ्या हातानं झाला. ते अजून गिळवत नाही.

परत येताना स्कूटरवर ती मागून म्हणाली, “अब्बा, आपण तिथं कशाला गेलो होतो?”

“ॲडमिशनचं विचारायला.”

“पैसे कोण कुणाला देणार होतं?”

“आपण त्यास्नी.”

“मग गिऱ्हाईक आपण होतो. गिऱ्हाईकाला कोण उभं ठेवतं? तुमी ठेवता?”

मी स्कूटर बाजूला घेतली. 

माझ्या दुकानात साधी उशी घ्यायला कुणी आलं तरी मी आधी खुर्ची पुढं करतो. गादीला तर लोक तसाच हात घालत नाहीत. वरची खोळ कशीही असू दे. गिऱ्हाईक म्हणतं, जरा उसवून दावा. मी चार टाके काढतो, आतला कापूस मूठभर ओढून त्याच्या हातात देतो. आत चिंध्या नाहीत हे त्याला दिसलं पाहिजे. तो त्याचा हक्कच आहे. कुणी उसवायला सांगितलं म्हणून मी आजवर रागावलेलो नाही. माझ्या पोरीनं कॉलेजला तेवढंच सांगितलं होतं. जरा उसवून दावा.

आणि मी तिच्या बाजूनं उभा राहिलो नाही. खरं सांगतो, मलाच ते कॉलेज हवं होतं. त्या काचेला मी भुललो होतो. कॉलेजची बस दारात येणार, गल्ली बघणार. चार वर्षांची फी भरायला धंद्यावर कर्ज काढायचीही माझी तयारी होती. शिकून बाहेर पडल्यावर काय, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. तो पोरीला सुचला.

फ्लेक्सवरचा एक चेहरा माझ्या ओळखीचा होता. आमच्याच भागातली मुलगी, होस्टेलला जाताना गादी माझ्याकडून नेलेली. ती सांगलीत साड्यांच्या दुकानात बिलं करते असं कळलं. आम्ही तिथं गेलो. रुबिनानं तिला फोटोचं विचारलं.

“तो व्हय?” ती म्हणाली. “कंपनीची माणसं आली, टाय बी कॉलेजनंच दिला. फोटो झाल्यावर काढून घेतला. कंपनीनं पुढं बोलावलंच न्हाई. दोनदा कॉलेजात जाऊन आले, फोटो तरी उतरवा म्हणलं. न्हाई उतरवत. पावणं बघायला आलं की आधी पगार इचारत्यात. फ्लेक्स बघूनच आलेलं असत्यात ना.”

हे सांगताना ती हसत होती. साडीची घडी घालत होती.

त्यानंतर रुबिना मला सातारा जिल्ह्यातल्या एका सरकारी कॉलेजात घेऊन गेली. रंग उडालेल्या भिंती, करकरणारे पंखे. फी त्या खाजगीच्या पासंगालाही पुरणार नाही इतकी कमी. तिनं तिथंही तोच प्रश्न विचारला. तिथल्या मॅडमनी आम्हाला बसवलं. म्हणाल्या, “सगळ्यांना लागली नाही. काही मुलं घरी आहेत, काही परीक्षा देतायत. ज्यांना लागली त्यांचे नंबर त्यांना विचारून देते. तूच बोल.” रुबिना बोलली. तिघी-चौघींशी बोलली. काम काय, पगार किती, कॉलेजात काय शिकवलं, काय नाही. फोन ठेवला आणि म्हणाली, “अब्बा, ठरलं.”

सगळ्यांना लागली नाही, असं तोंडावर सांगणारं कॉलेज मी पहिल्यांदा बघितलं. माझंही ठरलं.

तोवर अध्यक्षाच्या माणसाचे फोन सुरू झाले होते. गाद्या कवा पोचवतोस? एवढं मोठं काम माझ्याकडं कधी आलं नव्हतं. बायको म्हणाली, “पोरीला नगा घालू तिथं, पण गाद्या तर द्या. माणूस मोठा हाय. हितं आपल्या लोकांची घरं थोडी. कशाला वाकडं घ्यायचं?” तिची भीती खोटी नाही. तरी मी अध्यक्षाला नाही सांगायला गेलो. या वेळी खुर्ची ओढली आणि बसलो.

“गाद्या न्हाईत सायेब. पोरगी बी न्हाई.”

अध्यक्षांना आधी कळलंच नाही. मग म्हणाले, “कुठं घालणार हायस मग?”

“सरकारीत.”

“पडकी इमारत हाय ती. एसी तरी हाय का तिथं?”

“आवं सायेब, तुमचा एसी माझ्या पोरीला पगार देणार हाय का?”

“ऊठ,” ते म्हणाले. “लय शाणा झालास.”

“उठतो. आधी त्या साडीच्या दुकानातल्या पोरीचा फोटो उतरवा.”

त्यांनी शिपायाला हाक मारली. शिपायानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. फोटो अजून तिथंच आहे.

रुबिना आता दुसऱ्या वर्षाला आहे. पण माझं तेवढ्यावर भागत नाही. कॉलेजं सुरू व्हायच्या दिवसांत होस्टेलला जाणाऱ्या पोरापोरींसाठी आईबाप गादी घ्यायला येतात. मी विचारतो, कुठलं कॉलेज? त्या अध्यक्षाच्या कॉलेजचं नाव निघालं की मी टेप खाली ठेवतो. म्हणतो, गादी आज घेऊ नका. आधी कॉलेजात जा, पास झालेल्या पोरांचे नंबर मागा, त्यांच्याशी स्वतः बोला. कर्ज फेडणार ते पोरगं, फ्लेक्स नव्हे. मग साडीच्या दुकानाचा पत्ता देतो. त्या पोरीनंच सांगितलंय, पाठवा म्हणून. काही जण माझ्यावर चिडतात आणि दुसरीकडून गादी घेतात. काही जण जातात, विचारतात, आणि ॲडमिशन रद्द करून येतात. माझी गादीही खपत नाही. नाही तर नाही.

मध्ये अध्यक्षाचा माणूस दुकानात येऊन गेला. “जागा भाड्याची हाय न्हवं रं तुझी? मालक आमच्या बसण्या-उठण्यातला हाय.” मी म्हणालो, “मग सांग त्याला.” त्या दिवसापासून बायको माझ्याशी नीट बोलत नाही.

मला माफी नको आहे. अध्यक्षानं बोलावून चहा पाजला तरी नको. पुढच्या ॲडमिशनच्या वेळी मी सांगलीत बसून राहणार नाही. त्याच्याकडं पोरं फलटणकडनं येतात, जतकडनं येतात. त्या गावांच्या बाजाराच्या दिवशी तिथं जाऊन उभा राहणार आहे. दुकान गेलं तर त्या कामाला वेळच वेळ.

रुबिना परवा सुट्टीला आली होती. म्हणाली, “अब्बा, तुमचा राग अजून गेला न्हाई?”

नाही गेला. मी घालवणारही नाही. अध्यक्षाचे वर्ग ओस पडेपर्यंत मला तो पुरवून वापरायचा आहे.