कुणीही एकट्याने जायचं नाही

पत्रक लिहिण्याचे दोन नियम मी पुण्यात असताना शिकलो. वाक्य चालता चालता वाचून झालं पाहिजे. आणि जे आपण स्वतः करणार नाही ते छापायचं नाही. पहिला नियम मला चांगला जमतो.

सिडनीत आम्ही शिकत होतो ती युनिव्हर्सिटी नव्हती, युनिव्हर्सिटीच्या दाराबाहेरचं एक कॉलेज होतं. एक वर्ष इथे डिप्लोमा करा, मग थेट युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला बसा, असं एजंटनं सांगितलेलं. कॉलेजच्या भिंतीवरही तेच, हसऱ्या मुलामुलींच्या फोटोसकट. वर्ष संपत आलं तेव्हा युनिव्हर्सिटीनं कळवलं की निम्मेच विषय धरले जातील, बाकीचे पुन्हा करा. कॉलेज म्हणालं, युनिव्हर्सिटीला विचारा. युनिव्हर्सिटी म्हणाली, कॉलेजला विचारा. काउंटरवरची बाई इतकी गोड होती की भांडण सुरूच करता यायचं नाही. ‘नो वरीज’ म्हणत ती आम्हाला दारापर्यंत सोडायची.

मी चिडलो. चिडणं मला येतं. वेंटवर्थव्हिलच्या आमच्या भाड्याच्या घरात, किचनच्या टेबलावर मी एका दुपारीत पत्रक लिहून काढलं. इंग्रजीत, खाली हिंदीत, त्याखाली मराठीत. शेवट ठळक अक्षरात: ‘सगळ्यांचे सगळे विषय धरा. तोवर कुणीही एकट्याने जायचं नाही.’ म्हणजे कुठल्याही युनिव्हर्सिटीनं एकेकाला गाठून अर्धामुर्धा किंवा पुरा प्रवेश देऊ केला तर तो घ्यायचा नाही. सगळ्यांनी मिळून नाही म्हणायचं.

माझा रूममेट साताऱ्याचा, बारावी करून थेट इथे आलेला. त्यानं वाचलं आणि म्हणाला, “शेवटची ओळ जड आहे.”

“जड म्हणजे?”

“म्हणजे उचलायला लागणार.”

“मग उचलू की.”

“तू लिहिणार आणि उचलणार मी. भांड्यांचंही तेच आहे आपल्यात.”

आम्ही हसलो. पत्रक छापलं.

वर्गात नागपूरची एक मुलगी होती. पहिल्या दिवसापासून ती आमच्याबरोबर पत्रकं वाटायला स्टेशनवर उभी राहिली. तिला युनिव्हर्सिटीची ऑफर आली, निम्मे विषय धरून. तिनं नाही कळवलं. घरच्यांनी तिच्याशी बोलणं जवळजवळ बंद केलं. मी तिला म्हटलं, बरोबर केलंस. ते म्हणायला मला काहीच मोजावं लागलं नाही.

मग मला ऑफर आली. कॅनबेराची एक युनिव्हर्सिटी, थेट दुसरं वर्ष. अर्ज मी पत्रकाच्या आधीच केलेला आणि विसरून गेलेलो. म्हणजे विसरून गेलो होतो असं मी सांगतो.

मलाच का, तर पुण्यात मी एक वर्ष इंजिनिअरिंग करून सोडून दिलं होतं. त्या सोडून दिलेल्या वर्षामुळे मी कॅनबेराच्या लेखी ‘एका युनिव्हर्सिटीतून दुसरीत बदलून येणारा’ ठरलो. माझ्या शेजारी बसणारा, माझ्यापेक्षा जास्त मार्क पाडणारा रूममेट ‘कॉलेजातून सुरुवात केलेला’. वर्ग एक, शिकवणारे एक, नोट्स त्याच. नोट्स तर त्याच्याच होत्या. ज्यानं काहीतरी अर्धवट टाकलं त्याला दार उघडं, आणि ज्यानं पूर्ण केलं तो बाहेर. यावर झणझणीत पत्रक झालं असतं. मी ते लिहिलं नाही.

बाबांना फोन केला.

“तू गेला नाहीस तर त्यांचे विषय धरणार आहेत का?” बाबांनी विचारलं.

“तसं नाही, बाबा.”

“मग कसं?”

कसं ते मला पत्रकात सांगता आलं होतं.

दोघांना, रूममेटला आणि नागपूरच्या मुलीला, मी त्याच दुपारी सांगितलं. लपवलं नाही, एवढं एक माझ्या बाजूनं. ती पत्रकांच्या घड्या घालायला आली होती, तो पोहे परतत होता. मी म्हटलं, “तुम्ही म्हणाल तर नाही जात.”

तिनं हातातली घडी नीट दाबली. “वा. म्हणजे आम्ही तुला अडवायचं, अन् जन्मभर तू सांगत फिरणार की दोस्तांसाठी थांबलो.”

“तसं नाहीये.”

“तसंच आहे. निर्णय तुझा अन् नाव आमचं.”

मी मग इथल्या-तिथल्या सगळ्याच युनिव्हर्सिट्यांवर घसरलो. ही त्यांची जुनी पद्धत आहे, एकाला उचलायचं, बाकीच्यांत फूट पाडायची, असं बरंच. ती ऐकून घेत होती. “फूट त्यांनी पाडली,” ती म्हणाली, “पण त्यातून वाट काढून चालला आहेस तू.”

रूममेटनं गॅस बंद केला. “जायचंय का तुला?”

“हो.”

“मग विचारतोस कशाला, नेतेसाहेब? पोहे खा.”

त्यांनी भांडायला हवं होतं. भांडण मला पेलतं. मी पोहे खाल्ले, आणि ते चांगले झाले होते.

टेबलावर छापील पत्रकांचा गठ्ठा होता, प्रत्येकावर ती ओळ. तिनं ड्रॉवरमधून काळा मार्कर काढून माझ्यापुढे ठेवला.

“खोड.”

“मी?”

“लिहिली कोणी?”

‘सगळ्यांचे सगळे विषय धरा’ तेवढं ठेवायचं, पुढचं काळं करायचं. एका पत्रकावर तीन वेळा, कारण तीन भाषांचा आग्रह माझाच. सुरुवातीला प्रत्येक ओळ वाचून मग खोडत होतो. मग सवय झाली, आणि सवय झाली याचं जास्त वाईट वाटलं. ती शेजारी बसून खोडलेल्या पत्रकांच्या घड्या घालत राहिली. मध्येच म्हणाली, “ऱ्हस्व-दीर्घ बरोबर होतं, नाही का?” मी हो म्हटलं.

मी आता कॅनबेरात, गुंगालिनला राहतो. युनिला ट्रामनं जातो, थंडीबद्दल तक्रार करतो. तिनं सिडनीच्याच युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षापासून सुरुवात केली आहे. रूममेटचं अजून भांडण चालू आहे, कॉलेजशी एकदा आणि युनिव्हर्सिटीशी एकदा. मी मेसेज केला की तो उत्तर देतो, नेहमीसारखंच. मी काही विचारत नाही असं नाही. पण मी कसा आहे हे त्यानं आधी विचारलेलं असतं.

सिडनीहून निघायच्या सकाळी त्यानं माझ्या तळहातावर दही-साखर ठेवली. आईनं त्याला फोनवर सांगितलं होतं म्हणे. माझ्या आईनं नाही, त्याच्या. इथलं दही घट्ट, तळहातावर ढेकळासारखं बसून राहिलं.

“चाट पटकन. मला स्टेशनवर पत्रकं वाटायची आहेत.”

स्टेशनपर्यंत आम्ही बरोबर गेलो. ट्रेनला वेळ होता, म्हणून बॅग भिंतीला टेकवून मीही एक गठ्ठा हातात घेतला. सवयच ती. ग्रोसरीच्या दुकानातून मेथीची पिशवी घेऊन आलेल्या एका काकांना मी पत्रक दिलं. ते सगळं वाचणाऱ्यांपैकी निघाले. तळाशी आल्यावर त्यांनी चष्मा वर केला आणि कागद उजेडाकडे धरला.

“हे काय खोडलंय रे? एवढं ठळक होतं.”

मी तोंड उघडलं.

“काही नाही, काका,” रूममेट म्हणाला. “छपाईत चूक झाली होती.”

“छापायच्या आधी बघावं.”

“हो काका. चुकलंच.”

ट्रेन आली. माझ्या हातात बरीच पत्रकं उरली होती आणि एका हातात बॅग घ्यायची होती. मी ती त्याच्यापुढे धरली. त्याचे दोन्ही हात आधीच भरलेले होते. त्यानं दंड थोडा वर केला, आणि मी ती त्याच्या काखेत सरकवली.