दारचं जनावर

सोसायटीच्या फाटकाशी शेजारच्या शांताकाकू एका भटक्या कुत्र्याच्या कानातल्या गोचिडी चिमट्याने काढून साबणाच्या पाण्यात टाकत होत्या. कुत्रा डोळे मिटून निवांत बसला होता. मला गावाकडची आई आठवली. म्हशीच्या गोचिडी काढून झाल्या की ती कुत्र्याला हाक मारायची. "आपलं लुगडं विटकं असलं तरी चालेल, पण दारच्या जनावराच्या अंगावर गोचीड दिसली की गाव नावं ठेवतं," म्हणायची. शहरातल्या या कुत्र्याला कुणाचं दार?

तेवढ्यात फाटकातून आत येणाऱ्या पाहुण्याने विचारलं, "काकू, कुत्रा कुणाचा हो?"

काकूंच्या आधी मीच म्हणालो, "आमच्या दारचा आहे." आणि इस्त्रीच्या पँटसकट मातीत बसून, ताठ मानेने, त्याचा दुसरा कान हातात घेतला.