राहून गेलेली तोंडी परीक्षा

निवृत्त झाल्यापासून लोक भेटले की म्हणतात, साहेब, एखादी थरारक केस सांगा. मी दरोड्याची एक सांगतो, ते खूश होऊन जातात. पण एकटा असलो की मनात येते ती वेगळीच. तिच्यात रक्त नव्हतं, चोरीचा माल नव्हता. होती ती एका कॉलेजातली परीक्षा आणि ती द्यायला आलेली एक बाई. इतकी वर्षं झाली, तिचा चेहरा विसरता येत नाही.

मी तेव्हा अकोल्यात एका ठाण्याला फौजदार होतो. वऱ्हाडातले ते दिवस वाईट होते. कापसाला भाव नव्हता आणि पेपर उघडावासा वाटत नव्हता. त्याचा एक परिणाम लग्नाच्या बाजारात दिसायचा. वीस एकर काळी जमीन असलेल्या मुलालाही कोणी मुलगी देईना. ज्याला त्याला नोकरीवालाच जावई हवा, आणि नोकरीवाल्याला पदवीधर बायको हवी. त्यामुळे ज्या घरांत मुलींना बारावीनंतर घरी बसवायचे, त्या घरांतूनही मुली अकोला-अमरावतीच्या कॉलेजात दिसू लागल्या. शिक्षणासाठी म्हणा की स्थळासाठी म्हणा.

एके दिवशी सकाळी हजेरी आटोपून मी चहा घेत होतो, तेव्हा ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही, पण राग चांगलाच होता. म्हणाला, "साहेब, आमी अकोटकडं भाच्यासाठी पोरगी पाहून आलो. बी.बी.ए.च्या शेवटच्या वर्षाले हाय म्हनून सांगतलं. माहा पुतन्या त्याच वर्गात हाय. फोटो पाहून तो म्हनते, हे पोरगी आमच्या वर्गात कधी दिसलीच नाई. त्या नावाची दुसरीच कोनी येते. आज त्यायची तोंडी परीक्षा हाय, पाहून घ्या."

निनावी फोन म्हणजे दहातले नऊ भाऊबंदकीचे. तरी स्टेशन डायरीला नोंद केली, एक महिला शिपाई सोबत घेतली आणि कॉलेजवर गेलो.

प्राचार्य घाबरले. त्यांनी प्रवेशाची फाईल मागवली. बारावीची गुणपत्रिका, इंग्रजी विषयासह उत्तीर्ण, टक्केवारी नियमात बसणारी, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं जागच्या जागी. ओळखपत्रावरचा फोटो आणि बाहेर बाकावर बसलेली विद्यार्थिनी एकच. पाच सत्रांचे निकाल स्वच्छ. पदवी मिळायला आता एवढंच बाकी होतं, सहाव्या सत्राचा प्रकल्प अहवाल आणि त्यावरची तोंडी परीक्षा. लेखी पेपर आदल्याच आठवड्यात संपले होते.

तिला आत बोलावलं. पंजाबी ड्रेस, खांद्यावर ओढणी, हातात स्पायरल केलेला अहवाल. विषय होता अकोट भागातला सरकीचा आणि ढेपेचा, म्हणजे सरकीच्या पेंडीचा, व्यापार. बाकीच्यांनी शहरातल्या शोरूमची माहितीपत्रकं उतरवून काढली होती. ही मात्र जिनिंगवाल्यांना आणि ढेप घेणाऱ्या गवळ्यांना स्वतः जाऊन भेटली होती. वय जरा जास्त वाटलं, पण वयावरून गुन्हा दाखल होत नाही.

मी विचारत गेलो. नाव, गाव, जन्मतारीख, दहावी कुठे, बारावी कुठे. पोपटासारखी नाही, नीट विचार करून उत्तरं देत होती. मनात म्हटलं, फोनवाल्याने आपल्याला उल्लू बनवलं. उठायच्या बेतात सहज विचारलं, "वडिलांचं नाव काय?"

ती गप्प झाली.

"वडिलांचं नाव विचारतोय."

तिने अहवालाचं पहिलं पान माझ्यापुढे केलं. तिथे पूर्ण नाव छापलेलं होतं. मला वाटलं, पोरगी शिरजोर आहे. आवाज चढवून म्हटलं, "मला वाचता येतं. तोंडाने सांग." आणि मीच ते नाव मोठ्याने वाचलं. तिची मान खाली गेली आणि ओढणी आपोआप डोक्यावर आली.

मला काहीच कळलं नाही. मला वाटलं, घाबरली. पण मागे उभी असलेली महिला शिपाई पुढे वाकून हळूच म्हणाली, "साहेब, हे लेक नाई. सून हाय."

एवढ्या वर्षांची नोकरी आणि समोरचं दिसलं नाही म्हणून स्वतःचाच राग आला. आपल्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही, हे का मला ठाऊक नव्हतं? माझ्या आईने जन्मात माझ्या आजोबांचं नाव घेतलं नाही. या बाईने तीन वर्षांत प्रत्येक फॉर्मवर, प्रत्येक उत्तरपत्रिकेवर ते नाव लिहिलं होतं. लिहिणं चालतं. वर्गातली हजेरी नंबराने होते, त्यामुळे उच्चारायची वेळ कधी आली नव्हती. ती आज आली, तीही माझ्यापुढे.

मग तिने काही लपवलं नाही. विद्यार्थिनी म्हणून जिचं नाव होतं ती तिची नणंद. नणंदेला अकोल्यात शिकायला ठेवायचं ठरलं, तेव्हा एकटी पोरगी कशी ठेवायची म्हणून सोबतीला आणि स्वयंपाकाला सुनेला पाठवलं. लग्नाला आठ वर्षं होऊनही घरात लेकरू नव्हतं, म्हणून तीच मोकळी सापडली. जुन्या शहरात एक खोली घेतली. नणंदेला पुस्तकाचा कंटाळा. ती पहिल्या आठवड्यातच म्हणाली, वहिनी, तूच जा माझ्याऐवजी. ओळखपत्रासाठी फोटो मागितले तेव्हा वहिनीचा दिला.

पडताळणीसाठी मी खोलीच्या घरमालकाकडे गेलो. म्हातारे मुसलमान शिंपी, खाली दुकान. त्यांना यात काही गैर आहे हेच माहीत नव्हतं. चष्मा वर करून म्हणाले, "लहानी त माह्याजवळ मशीन शिकून राहिली, साहेब. हात में सफाई है उसके. कालेजवाली ते मोठी. फजरच्या नमाजले उठलो का तिच्या खोलीत लाईट दिसे. काहून, काई झालं का?"

त्यांचा जबाब लिहून घेतला आणि प्राचार्यांची फिर्याद नोंदवली. तोतयेगिरीचं कलम आणि परीक्षेतल्या गैरप्रकारांचा कायदा, दोन्ही लागले. नणंदही आरोपी झाली.

ठाण्यात तिचा सविस्तर जबाब घेताना मी विचारलं, "तू स्वतः किती शिकलीस?"

"बारावी. कॉमर्स. एकोनसत्तर टक्के."

"मग स्वतःच्या नावाने का नाही घेतला प्रवेश?"

"इचारलं होतं ना साहेब. नणंदेचा फारम घेऊन खिडकीवर गेली, तवाच इचारलं, मीबी बारावी पास हाव, मले भेटीन का? त्या सायबानं वर बी पाह्यलं नाई. म्हने, आठ वर्साचा गॅप हाय, लग्न झालं हाय, नाई होत. मागं लाईन होती. मी बाजूले झाली."

जप्तीच्या कागदांत त्या वर्षीची कॉलेजची माहितीपुस्तिका होती. तिच्या जबाबात तथ्य किती ते पाहावं म्हणून मी ती उघडली. प्रवेशाच्या नियमांत साफ लिहिलं होतं की शिक्षणात खंड पडलेल्या उमेदवाराने खंडाचं प्रतिज्ञापत्र जोडावं. लग्नाची अट तर कुठेच नव्हती. एक स्टॅम्पपेपर आणि एक सही, एवढंच लागत होतं.

मी तो नियम तिला वाचून दाखवला. दाखवायला नको होता, असं नंतर कैकदा वाटलं. तिने विचारलं, "कोनत्या पानावर हाय?" पुस्तिका हातात घेतली आणि त्या ओळीवर बोट ठेवून ती पुन्हा पुन्हा वाचत राहिली. मग म्हणाली, "खिडकीतल्या मानसानंच नाई म्हनलं, मंग मी कायले वाचू?" आणि तेव्हा ती रडली. अटक होताना रडली नव्हती.

संध्याकाळी सासरा आला. धोतर, टोपी, आल्या आल्या आवाज. "आमचं नाक कापलं हिनं! स्थळ गेलं, अब्रू गेली!" मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. थोड्या वेळाने ते शांत झाले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "पास झाली का पन थे?"

"सगळ्या पेपरांत. पहिल्या वर्गात."

म्हाताऱ्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी विचारलं, "तिने तुम्हाला विचारलं असतं, तर शिकवलं असतं का?"

"आता काय सांगू साहेब," ते म्हणाले. "हाव म्हनलं त लबाडी होईन."

पोलिसात एवढं खरं बोलणारी माणसं फार कमी भेटतात.

तिला न्यायालयात नेताना तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "साहेब, केस करा, जे व्हाचं ते होऊ द्या. पन माही तोंडी घेऊ द्या ना. पदवी नका देऊ. नुसतं इचारू द्या त्यायले. मले सारं येते."

बाहेरून आलेले परीक्षक अजून शहरातच होते. तिचा अहवाल त्यांनी वाचला होता आणि मला स्वतःहून म्हणाले होते, "या वर्गात हा एकच अहवाल वाचण्यासारखा आहे." पण तपासी अधिकाऱ्याने आरोपीला परीक्षेला नेऊन बसवायचं, हे कोणत्या नियमात बसतं? मी नाही म्हटलं. ते कायद्याने बरोबरच होतं. आज शंभरदा विचार केला तरी बरोबरच वाटतं, आणि तरीही वाटतं की तेवढं करायला हवं होतं.

विद्यापीठाने सगळे निकाल रद्द केले. दोघींनी गुन्हा कबूल केला. न्यायालयाने चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडून दिलं. नणंदेने पुढे अकोटला शिवणाचं दुकान टाकलं, चांगलं चालतं म्हणे. वहिनी गावी परत गेली. पुढे तिने नाव नोंदवलं की नाही, मला माहीत नाही. बदली झाल्यावरही अकोटच्या एस.टी.त पुस्तक घेऊन बसलेली बाई दिसली की मी वाकून चेहरा पाहायचो. ती कधीच नव्हती.

या केसने मला काय शिकवलं? आरोपी शोधणं सोपं असतं. त्याच्या आधी कोणी कोणाला सहज "नाही" म्हणून लाईनीतून बाजूला काढलं, ते आरोपपत्रात कुठेच येत नाही. त्या कारकुनावर कलम लागत नाही.

आणि तो कारकून काही एकाच खिडकीत बसत नाही. आरोपपत्र दाखल केलं त्या दिवशी मी घरी जेवताना बायकोला ही हकीकत सांगितली. ती वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "बाळापूरला होतो तवा मी बी.कॉम.चा फारम भरू का म्हनलं होतं. तुमी म्हनले, पुढच्या बदलीनंतर पाहू." मला ते आठवतही नव्हतं. तिला मात्र मी जेवायला कोणत्या खोलीत बसलो होतो, ते आठवत होतं. त्या जेवणानंतरही तीन बदल्या झाल्या. मुलं, माझ्या आईचं आजारपण, बंदोबस्त. मी विषय काढला नाही, तिनेही नाही.

निवृत्तीच्या दुसऱ्या महिन्यात मी बहिःस्थ विद्यार्थ्यांचा बी.कॉम.चा फॉर्म आणला आणि तिच्यापुढे ठेवला. माहितीपुस्तिका तिने पहिल्या पानापासून वाचली. खंडाचं प्रतिज्ञापत्र लागणार होतं. तहसीलीबाहेरच्या टंकलेखकाने मजकूर टाइप केला. कारणाची जागा रिकामी होती. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "इथं काय लिहू?"

मी आयुष्यभर लोकांचे जबाब लिहून घेतले. त्या दिवशी मी पेन तिच्यापुढे सरकवलं. फार लाज वाटली. तिने मग स्वतःच पेन घेऊन लिहिलं, "घरगुती अडचण."

खाली, ओळख देणारा म्हणून, मी सही केली.