कवडशातले दोन ग्लास

खालच्या विहिरीचं पाणी उत्तम आहे, असं अण्णांनी आळीच्या बैठकीत जाहीर केलं. अण्णा म्हणजे माझे वडील आणि आळीच्या विहीर-समितीचे अध्यक्ष. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यांनी ते खिडकीकडे धरलं आणि म्हणाले, "बघा, काचेसारखं आहे. यंदा गाळ उपसायची गरज नाही." ज्यांच्या परसात स्वतःची विहीर, त्या सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्या बायका ते पाणी भरतात आणि पितात, त्यांना बैठकीला बोलावलंच नव्हतं. याला समिती म्हणायचं?

आमच्या मंडळाची पत्रकं मी लिहायची. मथळा त्याच संध्याकाळी तयार झाला: 'अध्यक्षमहाराज, हे पाणी तुम्ही प्याल?' पण माझ्या शब्दांना आळी सरावली होती. पत्रकात लोक फरसाण बांधायचे. या वेळी फोटो हवा होता. सारखे दोन ग्लास शेजारी शेजारी, एकात खालच्या विहिरीचं पाणी, दुसऱ्यात आमच्या परसातल्या विहिरीचं स्वच्छ पाणी. बस्स.

कॅमेरा मिळाला खालच्या अंगाला राहणाऱ्या भाभींकडून. त्यांचा नवरा बोटीवर कामाला. त्याने आणलेल्या, पुढे ओढून उघडायच्या भात्याच्या कॅमेऱ्याला त्या कुणाला हात लावू देत नसत. मला दिला, कारण त्यांची धाकटी महिनाभर पोट धरून बसत होती आणि घरात पाणी होतं ते त्याच विहिरीचं.

"पण मी संगती येतंय," त्या म्हणाल्या. "तू भाषणात हात हलवतेस तसा कॅमेरा हलवशील."

आईने कपाटातले पाहुण्यांचे ग्लास काढून दिले. "एक जरी फुटला, तरी पुढचं पत्रक माझ्यावर लिही," एवढंच बोलली.

पडवीत टेबल मांडलं, मागे अण्णांचं धुतलेलं धोतर टांगलं. कॅमेऱ्याला इतक्या जवळचं स्पष्ट दिसत नाही, पुढे भिंग लावावं लागतं, हे बाजारातल्या फोटोवाल्याने सांगितलं होतं. घरात भिंग एकच, अण्णांचा वाचायचा चष्मा. अण्णा जेवून आडवे झाले होते. तो मी उचलला आणि सुतळीने कॅमेऱ्यासमोर बांधला.

माणसाचा फोटो काढताना माणूस हलतो एवढीच पंचाईत. काच हलत नाही, पण समोरचं सगळं अंगावर घेते. ग्लासात खिडकीचे गज दिसले, अंगणातला माड दिसला, माझं नाक दिसलं. खिडकीवर पंचा टाकला तेव्हा गज गेले आणि त्यांच्यासोबत ग्लासही गेला. पांढऱ्यापुढे काचेची कडच हरवली.

"ग्लास गेला कुठं गो?" भाभी वाकून बघत म्हणाल्या.

मग धोतर उन्हाच्या बाजूला नेलं, उजेड मागून आणला. आता ग्लासाच्या कडा काळ्याभोर रेघांनी उठल्या आणि दोन्ही ग्लास असे देखणे झाले की मी न राहवून एक फोटो काढला. पण पाणी? दोन्हीकडे निर्मळ. अण्णांनी खिडकीत दाखवलं होतं, अगदी तसं. शिवाय एवढ्या वेळात गाळ खाली बसला होता. गाळसुद्धा अध्यक्षांच्या बाजूचा.

भाभींनी दोन्हीकडे चमचा फिरवला. बुडबुडे आले.

"आता सोडावॉटर झालं," त्या म्हणाल्या.

मी वैतागून चहा मागायला स्वयंपाकघरात गेले. त्या सुमाराला पोफळी गावाजवळ डोंगर फोडून धरणाच्या पाण्यावर वीज काढायचं काम चाललं होतं. आमच्या चुलीवर मात्र उजेड कौलातल्या काचेतूनच पडायचा. कवडसा जमिनीपर्यंत उतरला होता आणि त्यात धूळ नुसती नाचत होती. धूळ तर पडवीतही असणार. तिथे दिसत नव्हती, कारण तिथे मागे सगळं उजळ होतं. इथे मागे काळोख, आणि उजेड तिरपा.

मी आणि भाभींनी टेबल आत ओढलं. मागे काळं घोंगडं टांगलं, पाणी पुन्हा ढवळलं, बुडबुडे जिरू दिले आणि भाभींनी दोन्ही ग्लास कवडशात ठेवले.

पाणी पेटल्यासारखं झालं. कण न् कण चमकायला लागला. तंतू, माती, मध्येच एक वळवळणारा जीव. आई चहाचं आधण तसंच ठेवून उठून आली.

तेवढ्यात अण्णा दारात. "माझा चष्मा कुणी घेतला? पेपर वाचायचाय." मग त्यांची नजर टेबलाकडे गेली. जवळचं त्यांना दिसत नसे, लांबचं लख्ख दिसायचं, आणि दार तसं लांबच होतं. ते उंबऱ्यावरच थांबले.

"मान्य," तिथूनच म्हणाले. "खालच्या विहिरीचं पाणी खराब आहे. तो डावीकडचा ग्लास बघवत नाही."

मी खटका दाबायला बोट ठेवलं होतं. भाभींनी पदर सावरला.

"अण्णा, डावीकडचा तुमचा. आमचा उजवीकडला. तो पण वाईटच, पण तुमच्याइतका नाय."

"शक्यच नाही," मी म्हणाले. अण्णाही तेच म्हणाले, एकाच वेळी. घरात आमचं एकमत झालेलं आईने पहिल्यांदा ऐकलं असावं. ती हसत सुटली. "मी तुझ्यासमोर भरलाय परसातून," मला म्हणाली. "कळशीच्या तळाशी रोज माती बसते. सांगते, तर ऐकतंय कोण?"

अण्णा तरातरा आले, कॅमेऱ्यावरचा चष्मा ओढून डोळ्यांना लावला आणि ग्लासाला नाक टेकवलं. त्याच क्षणी माझा खटका दाबला गेला.

शिमग्याच्या आत दोन्ही विहिरी उपसल्या. आधी खालची, मग अध्यक्षांची. ही अट माझी, ती अण्णांनी न कुरकुरता मानली. पुढच्या बैठकीला बायकांना बोलावणं गेलं. आमच्या विहिरीत पोहरे निघाले, आईचा हरवलेला तांब्या निघाला आणि एवढा चिखल की अण्णांनी दोन दिवस पेपरही वाचला नाही. माझा मथळा फुकट गेला. 'अध्यक्षमहाराज' ते पाणी वर्षानुवर्षं पीत होते, आणि मीही.

फोटो धुऊन आले. पुराव्याचा फोटो म्हणजे धुक्यात अण्णांचा कान. पडवीतला मात्र लखलखीत, कडा रेखलेल्या, पाणी नितळ. भाभींना तो नवऱ्याला पाठवायचा होता.

"खोटा फोटो आहे तो, भाभी," मी म्हणाले. "त्या दिवशी पाणी असं नव्हतं."

"तेव्हा नव्हतं," भाभी फोटो पदराने पुसत म्हणाल्या. "आता जाऊन बघ नि." धाकटी त्यांच्या कडेवर होती. तिच्या हातात ग्लास होता, अर्धा प्यालेला.