शॉकवरची रबरी रिंग

दादाची सायकल दोन वर्षं पडवीत उभी होती आणि तिला मी कुणाला हात लावू देत नव्हतो.

डोंगरात चालवायची सायकल, पुढं-मागं शॉक असलेली. आणली तेव्हा शेजारी हसले होते, "सायकलीला मोटारसायकलीचं सोंग व्हय?" दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. नोकरी कारकुनाची, पण समजावून सांगायची हौस मास्तराची. मागचं चाक दगडावर चढलं की चाकाला धरणारा सांगाडा सांध्यावर वर फिरतो आणि सीटखालच्या शॉकची दांडी नळीत दाबतो. नळीत कोंडलेली हवा दणका झेलते. "निस्ती हवा असती तर गाडीनं चेंडूगत उडवलं असतं," दादा सांगायचा. "म्हणून आत तेल. ते बारीक भोकातून जातंय, घाई करू देत न्हाय."

दांडीवर एक रबरी रिंग होती. शॉक जितका दबेल तितकी ती सरकायची आणि तिथंच थांबायची. फिरून आला की दादा वाकून बघायचा, दणका किती बसला ते, आणि अंगठ्यानं रिंग मागं सारायचा. मगच चपला काढायचा.

दोन वर्षांपूर्वी त्या संध्याकाळी तो तेर गावाच्या बाजूचा माळ उतरून आला, सायकल भिंतीला टेकवली आणि छातीत कळ येतेय म्हणाला. धाराशिवच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

रिंग दांडीच्या टोकाशी राहिली, नखभर जागा सोडून. एवढा मोठा दणका त्याला कुठं बसला, ते मला कधीच कळणार नव्हतं. जाता-येता मी ती बघायचो. कधी सीट हातानं हलकेच दाबायचो. ती सावकाश वर यायची आणि आत तेल सरकल्याचा आवाज व्हायचा, कुणी श्वास सोडावा तसा. भीती वाटायची, तरी दाबायचो. चालवायची मात्र छाती झाली नाही. एका खड्ड्यात त्याची शेवटची खूण गेली असती.

यंदा खंडेनवमीला आईनं विळे-खुरपी पुसून पूजेला मांडली. बाजारातून आलो तर सायकलही धुऊन, हळदीकुंकू लावून उभी. आणि रिंग मागं, मूळ जागी.

तळपायाची आग मस्तकात गेली. "तुला कुणी सांगितलं होतं?" आईवर इतका मी कधीच ओरडलो नव्हतो.

ती फडकं पिळत म्हणाली, "आरं, त्यो रोज आला की मागं सारायचा न्हवं? त्या दिशी त्याचं तेवढंच काम ऱ्हायलं हुतं. दोन वर्सं बघतीया मी. आवजार पुजायचं आन काम अर्धं ठिवायचं, आसं कसं?"

मला रडू आलं. जे मी जपत होतो, ते तिला रोज टोचत होतं.

"बस एकदा," ती म्हणाली.

बसलो. मी दादापेक्षा जड. त्यानं त्याच्या वजनाला भरलेली हवा माझ्याखाली बरीच दबली, मागं आणखी कुणी बसल्यासारखी. उतरलो. रिंग दांडीच्या मध्यावर थांबली होती.

आईनं वाकून पाहिलं आणि अंगठ्यानं ती मागं सारली.