दुपारची शिंदी

आंबूस शिंदीचा, शिंदीच्या झाडाच्या ताडीचा, वास आला की मुडबीच्या आमच्या घराचं परसदार आठवतं. पोलिस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्यानंतरची ती वर्षं. पाळी गेल्यापासून सासूबाईंची हाडं ठणकायची आणि शिंदीनं त्यांना बरं वाटायचं. थोरली जाऊ मात्र सकाळची गोड शिंदी घोटभरच द्यायची. "माझी माय पिऊनच हाडानं पोकळ झाली, आत्याबाई," म्हणायची. तरी सासूबाईंच्या तोंडी सदा तिचंच नाव. माझा नुसता जळफळाट व्हायचा. मग मी चोरून दुपारची, उन्हानं चढलेली शिंदी लोटाभर द्यायला लागले. "धाकले, तुझाच जीव हाय माझ्यावर," असं त्या म्हणाल्या की मी दिवसभर हवेत. एका दुपारी गोठ्याच्या पायरीवर बसता बसता त्या कलंडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. थोरलीनं लोटा हुंगला आणि माझ्याकडं पाहिलं. सासूबाई कण्हत म्हणाल्या, "तिच्याकडं कामून बघायलीस? तिनं न्हाई दिली. मीच मागवली व्हती." त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. आता माझीही पाळी गेलीय, हाडं ठणकतात, म्हणून सांगून टाकते: त्या कण्हत होत्या तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं, माझ्यासाठी त्या थोरलीशी खोटं बोलल्या.